पेस्ट तीनदा बदलली, तरी १०० अंश: आधी कूलरच्या पिना तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूरच्या एका विद्यार्थ्याकडे इंटेल कोअर आय५-१०४०० चा डेस्कटॉप आहे आणि त्यावर प्रोसेसरच्या खोक्यात आलेलाच कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा हीटसिंक आणि त्यावरचा पंखा) आहे. साडेतीन वर्षांनी धूळ काढायची म्हणून त्यानं कूलर उघडला, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावतात ती जुनी थर्मल पेस्ट पुसली, नवी लावली. आधी गेम खेळताना तापमान ७५ अंशांपर्यंत जायचं. आता काम सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांत १०० ला भिडतं आणि मशीन मंदावतं. मग त्यानं आणखी दोनदा पेस्ट बदलली, एकदा मधोमध ठिपका देऊन आणि एकदा जुन्या एटीएम कार्डानं सगळीकडे पसरवून. काही फरक नाही. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: पेस्ट लावायची बरोबर पद्धत कोणती, ११०० रुपयांची भारी पेस्ट घ्यावी का, आणि प्रोसेसर जळाला तर नाही ना?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण खरी काळजी त्याचीच असणार. प्रोसेसर जळालेला नाही. या मॉडेलची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचल्यावर तो स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे उष्णताही कमी होते. तुम्हाला मशीन मंद वाटतं ते यामुळेच. त्यानंही भागलं नाही तर तो मशीन सरळ बंद करतो. गेली १८ वर्षं मी नागपुरात कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतोय. सॉकेटच्या (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) वाकलेल्या पिना आणि शॉर्ट झालेले मदरबोर्ड मी भरपूर पाहिले, पण निव्वळ पेस्ट चुकल्यामुळे मेलेला प्रोसेसर माझ्या टेबलावर अजून आलेला नाही. तरी दुरुस्ती होईपर्यंत गेम आणि रेंडरिंग थांबवा. रोज १०० अंशांवर चालवणं कुठल्याच भागाला चांगलं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या वर्णनातला सगळ्यात कामाचा शब्द मला 'चार-पाच सेकंदांत' हा वाटला. हीटसिंक म्हणजे ॲल्युमिनियमचा चांगला वजनदार गोळा. त्याला तापायला वेळ लागतो. पंखा बिघडला, जाळीत धूळ अडकली किंवा कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नसली, तर तापमान हळूहळू चढतं. पाच-दहा मिनिटं लागतात आणि तोवर हीटसिंकही हाताला चांगलाच गरम लागतो. काही सेकंदांत १०० म्हणजे उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही, ती प्रोसेसरच्या धातूच्या टोपीतच कोंडली जाते. याची खात्री घरीच करता येते. एचडब्ल्यूइन्फोसारख्या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १०० दिसत असताना मशीन बंद करा, पंखा थांबू द्या आणि हीटसिंकच्या बाजूच्या पात्यांना बोट लावून पाहा. पाती जेमतेम कोमट असतील तर निदान पक्कं झालं: कूलरचा तळ प्रोसेसरवर नीट टेकलेलाच नाही. मग पेस्ट ठिपक्यानं लावा किंवा कार्डानं, तिचा उपयोग नाही.

असं का होतं, ते आकड्यांत पाहू. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, ॲल्युमिनियमची सुमारे २३५, बऱ्यापैकी पेस्टची ४ ते ८ आणि हवेची फक्त ०.०२६ (सगळे आकडे वॅट प्रति मीटर केल्विन या एककात). म्हणजे पेस्ट धातूच्या तुलनेत अगदीच गरीब वाहक आहे, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली. प्रोसेसरची टोपी आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर बारीक ओरखडे आणि उंचसखल जागा असतात. तिथली हवा हाकलून ती जागा भरणं एवढंच पेस्टचं काम. धातूला धातू जिथे लागतो तिथे पेस्ट नसलेलीच बरी.

तुमच्या प्रोसेसरच्या टोपीचं क्षेत्रफळ ढोबळमानानं ९ चौरस सेंटिमीटर धरा आणि उष्णता ६५ वॅट. वाहकता ४ असलेल्या साध्या पेस्टचा ०.१ मिलिमीटरचा थर असेल, तर त्या थरात सुमारे १.८ अंशांचा फरक पडतो. दुप्पट चांगली, म्हणजे ८ ची पेस्ट आणली तर तो ०.९ होतो. म्हणजे महागड्या ट्यूबनं वाचवला एक अंश! प्रत्यक्षात उष्णता टोपीखालच्या छोट्या चिपमधून येते, सगळीकडे सारखी पसरलेली नसते, म्हणून खरा फरक याहून थोडा जास्त दिसतो. दोन-तीन अंश म्हणा. आता तीच साधी पेस्ट अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर ९ अंश. आणि ०.१ मिलिमीटरच्या फटीत पेस्टऐवजी हवा असली तर गणित पावणेतीनशे अंशांच्या पुढे जातं. तिथवर कुणी पोचत नाही, प्रोसेसर त्याआधीच स्वतःला आवरतो. पण यावरून कळतं की पंचवीस अंशांची वाढ पेस्टच्या ब्रँडमुळे किंवा ठिपक्याच्या आकारामुळे होऊच शकत नाही. एवढा फरक पडायला कूलर वर उचललेला किंवा एका बाजूला कललेला असावा लागतो.

तुमच्या कूलरला स्क्रू नाहीत, चार कोपऱ्यांना काळ्या डोक्याच्या चार प्लॅस्टिक पिना आहेत. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा याच पिनांत सापडतं, म्हणून त्यांची रचना नीट समजून घ्या. प्रत्येक पिनेचे दोन भाग असतात. खालचा पांढरा भाग टोकाला चिरलेला असतो आणि मदरबोर्डच्या छिद्रातून आरपार जातो. वरचा काळा दांडा दाबला की तो पांढऱ्याच्या चिरेत घुसतो, टोकं फाकतात आणि पिन मागच्या बाजूनं अडकते. काळ्या डोक्यावर एक बाण असतो. तो बाण पिन सोडवण्याची दिशा दाखवतो. कूलर काढताना तुम्ही चारही डोकी बाणाच्या दिशेनं फिरवलीत, ते बरोबरच. पण परत बसवण्याआधी ती बाणाच्या उलट दिशेला फिरवून मूळ जागी आणावी लागतात. ते राहिलं तर पिन दाबल्यावर बसल्यासारखी वाटते, पण अडकत नाही. हात काढला की हळूच वर येते. तुम्ही तिन्ही वेळा नेमकं हेच केलं असावं, असा माझा अंदाज आहे.

दुसरी शक्यता पिन तुटल्याची. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते पांढरं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि उघडताना एखादं टोक तुटतं. चारांतली एक पिन गेली तरी कूलर तिरका होतो आणि प्रोसेसरचा एक कोपरा उघडा पडतो. टॉर्च घेऊन चारही पांढरी टोकं तपासा. तुटलेलं दिसलं तर सुट्या पिना अगदी स्वस्तात मिळतात, अख्खा कूलर बदलायची गरज नाही.

बसवताना कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, म्हणजे कूलरचं वजन एका बाजूला ओढणार नाही. चारही पांढरी टोकं आधी छिद्रांत नीट उतरू द्या. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना एकाच वेळी, दोन अंगठ्यांनी दाबा. 'टक्' असा आवाज येतो. मग उरलेल्या दोन. एका बाजूच्या दोन पिना आधी पूर्ण दाबल्या तर पेस्ट दुसऱ्या बाजूला सरकते आणि तिथे जाड राहते. दाबताना बोर्ड किंचित वाकतो. त्याची भीती वाटते आणि म्हणूनच बरेच जण अर्ध्यावर थांबतात. जोर सरळ खाली लागू द्या, तिरका नको. शेवटी कॅबिनेटचा मागचा पत्रा काढा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या मागे मोकळी जागा ठेवलेली असते. तिथून चारही ठिकाणी दोन पांढऱ्या टोकांच्या मधोमध काळा दांडा दिसला पाहिजे. एका ठिकाणी जरी नुसतं पांढरं दिसलं तरी ती पिन बसलेली नाही.

पेस्टबद्दल सगळ्यात जास्त शिकवतो तो तिचा ठसा. पद्धतीवरून वाद घालण्यापेक्षा कूलर बसवा, दोन मिनिटं थांबा, परत काढा आणि दोन्ही पृष्ठभाग पाहा. पेस्ट वाया जाईल, जाऊ द्या. मधला भाग पातळ, धातू जवळजवळ आरपार दिसतोय आणि कडेला पेस्टची बारीक वरंबी, असा ठसा असेल तर काम उत्तम झालं आहे. एका बाजूला दाट आणि दुसरीकडे पातळ म्हणजे कूलर तिरका बसला होता. ठिपका जवळजवळ तसाच उरला असेल तर तळ टेकलाच नव्हता. सगळीकडे जाड थर आणि त्यावर लोण्यातून सुरी उचलल्यासारखे कंगोरे म्हणजे दाब कमी किंवा पेस्ट फार. तुम्ही तीनदा कूलर काढलात, दर वेळी आत काय दिसलं ते प्रश्नात लिहिलं असतंत तर मी एका ओळीत उत्तर दिलं असतं. पुढच्या वेळी पुसायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. एक लक्षात ठेवा, ठसा पाहून झाल्यावर तीच पेस्ट पुन्हा वापरायची नाही. उचललेल्या पेस्टमध्ये हवेचे कप्पे राहतात. पूर्ण पुसून नवीन लावायची.

हे पाहायची सवय मला एका ग्राहकामुळे लागली. दोन ठिकाणी पेस्ट बदलून झाली होती, बाहेरून नवा कूलरही घेतला होता, तरी मशीन ९५ च्या खाली येत नव्हतं. मीही आधी नवीन पेस्ट लावून पाहिली, फरक पडला नाही. दुसऱ्यांदा उघडल्यावर ठसा नीट पाहिला तर पेस्ट कूलरच्या तळावरून विचित्रपणे सोलल्यासारखी निघत होती. तळावर कारखान्यातून आलेली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म तशीच होती. ती काढली आणि तापमान ६८ वर आलं. माझी पहिली अर्धी संध्याकाळ वाया गेली ती ठसा न पाहिल्यामुळे. तुमचा कूलर जुना आहे, त्यावर फिल्म नसणार, पण नवा घेतलात तर आधी तळ उजेडात धरून पाहा.

आता पेस्ट लावण्याबद्दल. तुमच्या प्रोसेसरची टोपी जवळजवळ चौरस आहे. तिच्यासाठी मधोमध एक ठिपका पुरतो, तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढा, म्हणजे ४ ते ५ मिलिमीटर व्यासाचा आणि मध्ये फुगीर. कूलर सरळ खाली येतो तेव्हा तो ठिपका मधून कडेकडे पसरतो आणि जाताना हवा बाहेर ढकलतो, म्हणून मला तो आवडतो. कार्डानं पसरवणं चूक नाही, पण हात बसलेला नसेल तर थर कमीजास्त होतो आणि खड्ड्यांत हवा अडकते. बोटानं मात्र पसरवू नका, त्वचेचं तेल लागतं. जास्त पेस्ट लागली तर ती कडेनं बाहेर येते. साधी पेस्ट वीजवाहक नसते, त्यामुळे लगेच नुकसान होत नाही. पण ती सॉकेटमधल्या बारीक पिनांत गेली तर साफ करणं फार जिकिरीचं होतं. म्हणून कमी-जास्ताची शंका असेल तर किंचित जास्त चालेल, पण दुप्पट नको. सिरिंजमधून पहिला थेंब तेलकट, पातळ आला तर तो कागदावर काढून टाका.

पुसण्यासाठी मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे थर सोडतं. थिनर आणि रॉकेलही नको. चष्मा पुसायचं कापड चालतं. कापूस धागे सोडतो, तो टाळा. आधी कोरड्या कापडानं जाड पेस्ट काढा आणि मग अल्कोहोलनं दोनदा पुसा. प्रोसेसर सॉकेटमध्येच असू द्या, काढायची गरज नाही.

आतापर्यंतचं सगळं तुमच्या मशीनबद्दल झालं. हे वाचून दुसऱ्या कुणी आपलं मशीन उघडायला घेतलं, तर काही गोष्टी बदलतात. लॅपटॉपमध्ये चिपवर टोपी नसते, उघडी चिप असते. तिचा एखादा कोपरा पेस्टविना राहिला तर तेवढाच भाग तापतो, म्हणून तिथे पातळ थर पूर्ण चिपवर पसरवायचाच. शिवाय लॅपटॉपमध्ये गरम-थंड होत राहिल्यानं पेस्ट हळूहळू मधून बाहेर ढकलली जाते. त्यासाठी मी आता हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखी शीट वापरतो. ती साधारण ४५ अंशांना मऊ होऊन जागा भरते आणि पेस्टसारखी बाहेर सरकत नाही. इंटेलचे एलजीए १७०० या नव्या सॉकेटचे प्रोसेसर लांबट असतात, तिथे लांबीच्या दिशेनं एक रेघ किंवा मध्ये ठिपका आणि चार कोपऱ्यांत चार बारीक ठिपके असं करतो. तुमच्या एलजीए १२०० सॉकेटच्या बोर्डावर कूलरच्या छिद्रांमधलं अंतर ७५ मिलिमीटर आहे आणि एलजीए १७०० ला ७८, त्यामुळे मित्राचा कूलर उसना आणणार असाल तर आधी हे पाहा.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांसाठी एक स्वतंत्र इशारा देतो, कारण इथलं नुकसान भरून येत नाही. त्या प्रोसेसरच्या खाली पिना असतात आणि वरून त्याला दाबून धरणारी चौकट नसते. पेस्ट वाळली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. उघडण्याआधी मशीन दहा मिनिटं चांगलं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सुटा करा आणि तेव्हाच उचला. वाकलेल्या पिना मी ०.५ मिलिमीटरच्या मेकॅनिकल पेन्सिलच्या, शिसं काढलेल्या रिकाम्या टोकानं सरळ केल्या आहेत, पण प्रत्येक वेळी त्या वाचतातच असं नाही.

११०० रुपयांच्या पेस्टचं उत्तर वरच्या गणितात आलंच आहे: घेऊ नका. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ यांसारख्या खात्रीच्या पेस्टची छोटी ट्यूब घ्या, ती अनेक वेळा पुरेल. टीव्ही-ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीत वापरतात ती पांढरी कंपाउंडही अडीअडचणीला चालते, फक्त लवकर सुकते. टूथपेस्ट लावू नका. ती पहिले काही दिवस बरी वाटते, मग तिच्यातलं पाणी उडतं आणि उरतो तो कोरडा भुगा. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावतात तो द्रव धातू, तर तुमच्या कूलरवर मुळीच नको. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतं, आणि ते वीजवाहक असल्यानं एक थेंब बाजूला सांडला तरी बोर्ड जाऊ शकतो. सोनीनं प्लेस्टेशन ५ मध्ये ते वापरलं आहे, पण तिथे ते बाहेर येऊ नये अशी बंदिस्त रचना कारखान्यातच केलेली असते.

चंद्रपूरचा उन्हाळाही हिशेबात धरा. खोलीचं तापमान जितके अंश वाढतं, जवळजवळ तितकेच अंश प्रोसेसरचं वाढतं. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारं मशीन मे महिन्यात ३८ च्या खोलीत ८४ दाखवेल, आणि त्यात पेस्टचा काही दोष नाही. म्हणून तापमान सांगताना सोबत खोलीचंही सांगत जा. एक कळकळीची विनंती: मशीन वाळ्याच्या रूम कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. हवा थंड असते हे खरं, पण ती दमट असते आणि तिच्यासोबत आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षारही येतात. उन्हाळ्यानंतर अशा मशीनच्या बोर्डावर मी पांढरे डाग आणि गंजलेले पाय पाहिले आहेत. खोली थंड राहू द्या, मशीन झोताच्या बाजूला ठेवा.

तर आज करायचं ते असं: पिनांची डोकी बाणाच्या उलट फिरवा, टोकं तपासा, जुनी पेस्ट पुसून तुरीच्या डाळीएवढा ठिपका द्या, समोरासमोरच्या पिना जोडीनं दाबा आणि मागून चारही पिना पाहा. पंख्याची वायर बोर्डावर 'सीपीयू फॅन' छापलेल्या जागीच लावा आणि ती पात्यांत अडकत नाही ना तेही बघा. मग सिनेबेंच हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणीचा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा. खोली ३० अंशांच्या आसपास असेल तर ७० ते ८० च्या घरात आकडा स्थिरावला पाहिजे, आणि तिथवर तो हळूहळू चढलेला दिसला पाहिजे.

चारही पिना मागून बसलेल्या दिसतात, ठसाही चांगला आहे आणि तरीही आकडा ९० च्या पुढे जातोय, असं झालं तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसर किती वॅट घेतोय ते पाहा. काही बोर्ड वीजमर्यादा स्वतःहून सैल करतात आणि ६५ वॅटचा प्रोसेसर त्याहून बऱ्याच जास्त वॅटवर बराच वेळ चालत राहतो. खोक्यातल्या कूलरला ते झेपत नाही. तो आकडा, खोलीचं तापमान आणि ठशाचा फोटो, या तीन गोष्टी मला पाठवा. पुढचं त्यावरून सांगतो.